दिग्रसच्या गाडीतला डबा

माझी मावसबहीण अकरावीसाठी आमच्याकडे यवतमाळला राहायला आली तेव्हा तिच्या एका पिशवीत कपडे होते, दुसरीत पुस्तकं आणि तिसरीत तिच्या आईनं दिलेल्या, उन्हात वाळवलेल्या ज्वारीच्या खारोड्या. ती माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. म्हणून मी तिला ताई म्हणायचं, असं आईनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. घरात मी म्हणायची. बाहेर शक्यतो काहीच म्हणायची नाही.

बाबा सरकारी कार्यालयात होते. त्यांच्या घरी आजोबांपासून नोकरीच. आमचं घर लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याजवळच्या एका वसाहतीत होतं, जिथं सगळेच कुठल्या ना कुठल्या खात्यात होते आणि सगळ्यांच्या दाराला एकाच रंगाचं फाटक होतं. आई मात्र शेतकऱ्याच्या घरची, दिग्रसकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन यवतमाळला आल्यावर तिनं आपली बोली हळूहळू घडी घालून ठेवून दिली. माझी मावशी, म्हणजे तिची एकुलती एक बहीण, घरी आली की तेवढ्यापुरतं ‘मले’, ‘तुले’ तिच्या तोंडातून निघायचं, आणि मी मनातल्या मनात फाटकाकडे बघायची, की कुणी ऐकत तर नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज काहीतरी असायचं आणि बाबा ते पान वाचून झालं की आतल्या बाजूला दुमडून ठेवायचे. मावशीच्या वावरातलं मला ताईकडूनच कळलं. आधी त्यांच्याकडे ज्वारी असायची, तूर, मूग, बांधावर अंबाडी. मग एकेक करत सगळं गेलं आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कापूस आला. पुढं त्या कापसाची बोंडंही अळीनं पोखरली.

“आता आमच्या वावरात खाची एक बी वस्तू नाई, मावशी,” ताई माझ्या आईला सांगत होती. ती पोळ्या लाटत होती, आई भाजत होती. “जवारी दुकानातून आणा लागते. दाय दुकानातून. वावर हाये सारं पांढरं. कापूस काय ताटात वाढता येते?”

आई हसली होती. मीही हसले होते. ती विनोद करत नव्हती, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आमच्या घरी अन्न उरायचं. उरलंच पाहिजे असा जणू नियम होता. भाताचा गंज तळापर्यंत खरवडला गेला की आईला अपराधी वाटायचं. कोणी अचानक आलं तर, बाबांना आणखी लागलं तर, असं म्हणत ती चार माणसांना सहाचं करायची. शिळं बाबा खात नसत. मीही नसे. मग पोळ्या पिशवीत घालून फाटकाबाहेर ठेवायच्या, गाय येईल म्हणून. गाय कधी पिशवीसकट खायची, कधी यायचीच नाही. भात नालीत जायचा. पावसाळ्यात ती नाली तुंबायची आणि सगळी वसाहत नगरपालिकेच्या नावानं ओरडायची.

ताई आली आणि चार-आठ दिवसांतच नालीत जायला काही उरेना. ती काही बोलली नाही. सकाळी आमच्या आधी उठायची आणि रात्रीच्या भाताला हात लावून, वास घेऊन बघायची. चांगला असला तर फोडणी. थोडा चिकट झाला असेल तर त्यात बेसन, मीठ, तिखट, ओवा घालून गच्चीवर त्याच्या वड्या टाकायची. पोळ्या उरल्या तर कुस्करून ताकात भिजवून वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. उरलेल्या वरणात कणीक मळायची. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या आई फेकायची, ताई त्या मिरचीबरोबर वाटायची. फुलकोबीचा दांडासुद्धा सोलून, बारीक चिरून भाजीत जायचा. बाबा ते सगळं मिटक्या मारत खायचे. हे कालचं आहे असं कोणी सांगत नव्हतं, एवढंच.

एकदा मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. ताईनं ती उचलली, दुरडीत ठेवली आणि म्हणाली, “जवारी राखली हायेस तू कधी?”

“म्हणजे?”

“मचानावर बसून. गोफन घेऊन. कनसात दाना भरला का पाखरं येतात. सकाळी उजाडलं का जा लागते, दुपारी भाकर तिथंच. पंधरा-पंधरा दिवस. मी चौथीत असतानी राखली. घसा बसते वरडून वरडून.” मग दुरडी झाकत म्हणाली, “एका भाकरीले किती कनसं लागत असतीन, मी मोजत बसायची. कंटाळा यायचा ना.”

“किती लागतात?”

“ते पाखरं कितीक खातात त्याच्यावर हाये,” ती म्हणाली आणि खळखळून हसली.

खरं सांगायचं तर घरात मला ती आवडायची. गणितं माझ्याहून चांगली सोडवायची. माझ्या वेण्या घालून द्यायची. आमच्या खोलीत दोन पलंगांमध्ये एकच टेबल होतं आणि ती नेहमी खाली सतरंजीवर बसून अभ्यास करायची, टेबल माझ्यासाठी सोडून. पण ती ‘मी जातो’, ‘मी खातो’ म्हणायची. बाई असून पुरुषासारखं. गावाकडे सगळ्याच बाया तसं बोलतात, आईही कधीकाळी तसंच बोलत असणार. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी मात्र अशा बोलण्याची नक्कल करून हसायच्या, आणि त्यांच्याबरोबर मीही हसायची. ताई दुसऱ्या कॉलेजात होती, बसस्थानकाजवळच्या. त्यामुळे दीड वर्षात माझ्या एकाही मैत्रिणीनं तिला पाहिलं नव्हतं. तसं होऊ नये याची मी काळजी घेत होते.

बारावीच्या वर्षी, जानेवारीत, मला अठरावं लागलं. त्याच सुमारास बाबांना बढती मिळाली होती. दोन्ही मिळून रविवारी दुपारी गच्चीवर जेवण ठेवायचं ठरलं. बाबांच्या कार्यालयातली माणसं, वसाहतीतली घरं आणि माझ्या कॉलेजातल्या सात-आठ मुली. आमच्या वसाहतीत तोवर पंगत असायची. बाबांनी बुफे ठेवला. ते नवीन होतं. टेबलं, पांढऱ्या चादरी, आपल्या हातानं घ्यायचं. पुऱ्या, दोन भाज्या, मसालेभात, कढी, भजी, गुलाबजाम, जिलेबी, आइस्क्रीम. आचारी म्हणाला शंभर माणसांचं पुरे होईल, बाबा म्हणाले दीडशेचं करा, कमी पडलं तर नाक कापलं जाईल.

त्या दिवशी लोकांनी कसं वाढून घेतलं ते मला आजही दिसतं. पुन्हा रांगेत उभं राहायला नको म्हणून एकदाच सगळं. गुलाबजामावर कढी सांडलेली, पुऱ्यांची चळत, आणि मग दोन घास खाऊन गप्पा. जिन्याजवळ खरकट्या ताटांसाठी दोन मोठे टब ठेवले होते. तासाभरात ते काठोकाठ भरले. त्यात अख्ख्या पुऱ्या फुगून तरंगत होत्या.

ताई कधी तिथं जाऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं आईला आधीच विचारलं होतं, “मावशी, जे कोरडं उरन ते गावाले पाठवू का? सांजच्या दिग्रसच्या गाडीवर आमच्या गावचा कंडक्टर हाये.” आई हो म्हणाली होती. आईला वाटलं आचाऱ्याच्या भांड्यात जे शेवटी राहील ते. पण ताईला टबात जाणारं बघवेना. ती टबाच्या अलीकडे एक स्टीलचा उभा डबा आणि एक बादली घेऊन उभी होती. ताट टाकायला कोणी आलं की म्हणायची, “थांबा जी.” हात न लागलेली पुरी किंवा जिलेबी दिसली तर ती अलगद उचलून डब्यात. उष्टं बादलीत, पलीकडच्या गवळ्याच्या म्हशींसाठी. उरलेलं पाणी-कढी टबात. लहान पोरांना तर ती ताट टाकूच देत नव्हती. “खाय ना बाबू, एवढूसं तर हाये,” म्हणून शेवटचा घास खायला लावत होती. आणि पोरं खातही होती.

माझ्या मैत्रिणींत एक होती, एका मोठ्या डॉक्टरची मुलगी. माझी तिच्याशी मैत्री आहे याचा मला फार अभिमान होता. ती माझा हात धरून जिन्याजवळ आली. हातात ताट, त्यात तीन पुऱ्या आणि न शिवलेला मसालेभात. ताईकडे बघून तिनं नाक मुरडलं आणि मला विचारलं, “अगं, ही कोण? ताटातलं गोळा करते आहे?”

मला तेव्हा उत्तर शोधावं लागलं असतं तर निदान मी अडखळले तरी असते. पण उत्तर तयार होतं. दीड वर्ष ते माझ्या आत तयारच होतं बहुतेक.

“कामाला आहे आमच्याकडे,” मी म्हटलं. “गावाकडची आहे.”

ताई आमच्यापासून चार पावलांवर होती. तिनं वर बघितलं. माझ्याकडेच. तिच्या हातात एक पुरी होती, ती तिनं डब्यात ठेवली. मैत्रीण पुढं झाली आणि म्हणाली, “ए बाई, हे घे.” आणि ताट पुढं केलं.

“द्या,” ताई म्हणाली.

तिनं ताट घेतलं. तीन पुऱ्या डब्यात, भात बादलीत. मग ती दुसऱ्या माणसाकडे वळली. आवाजही बदलला नाही तिचा. मी मैत्रिणीला घेऊन आइस्क्रीमकडे गेले आणि पुढचा तासभर फार हसले. इतकं की आई म्हणाली, आज पोरीला झालंय तरी काय.

संध्याकाळच्या गाडीनं डबा गेला. ताई स्वतः बसस्थानकावर जाऊन कंडक्टरच्या हातात देऊन आली.

त्या रात्री मी तिला काही बोलले नाही आणि ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या वेण्या घातल्या. तेवढं झालं तेव्हा मला वाटलं की तिनं ऐकलंच नसेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं. पण त्यानंतर ती आमच्याबरोबर जेवायला बसेना. आधी सगळ्यांना वाढायची, मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून खायची. आईनं विचारलं तर म्हणायची, “भूकच नाई मावशी, मंग खातो.” आपलं ताट ती घासून ठेवायची, आमचीही घासायची. मी ते बघत होते. तिला हात धरून ताटावर आणून बसवावं असं मला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मी पुस्तक उघडून बसले.

दहाव्या-बाराव्या दिवशी ती म्हणाली, “मावशी, मी घरी जातो. कापूस येचाले मानसं नाईत.”

आई चकित झाली. “अगं, पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल आहे तुझं!”

“येतो मी तोपरेंत.”

ती निघाली तेव्हा मी खोलीतच होते. अभ्यास चालू आहे असं सांगितलं. फाटकाचा आवाज आला, बाबांच्या स्कूटरचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. टेबलाच्या तिच्या बाजूला, जिथं ती कधी बसलीच नव्हती, तिची गणिताची वही राहिली होती.

ती परत आली नाही. प्रॅक्टिकल बुडलं, परीक्षा बुडली. आमच्याकडे फोन होता, त्यांच्याकडे नव्हता. आईनं दोन पत्रं लिहिली. शेवटी मावशीच आली, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, उन्हातान्हात एसटीनं. डोक्यावर तुरीचं गाठोडं. घरी खायला दाणा नव्हता, तरी बांधावर लावलेल्या चार झाडांची तूर तिनं बहिणीसाठी आणली होती. ती दिवाणाच्या कडेला बसली. पाठ टेकली नाही.

“माही पोरगी नालायक निघाली बाई,” ती आईला म्हणाली. “तू तिले लेकीसारखं ठेवलं. अन् ती मनते अभ्यास झेपत नाई, डोकं दुखते. म्या तिले मारलं बी. तरी तेच मनते. तुह्या उपकाराची तिनं माती केली.”

मी समोर बसले होते. मांडीवर पुस्तक होतं. त्या क्षणी मला कळलं की ताईनं आपल्या आईला काहीही सांगितलेलं नाही. आणि मला काय वाटलं असेल? सुटका. लाज नंतर आली, पण आधी सुटका वाटली, हे मी इथं लिहून ठेवते.

आई म्हणाली, “जाऊ दे. काही मुलींना नसते शिकण्याची आवड. आळस अंगात भिनतो गावाकडे.” आई असं बोलेल याचं मला आश्चर्य वाटलं, पण तिलाही वाईट वाटलं होतं, आपल्या दीड वर्षाच्या कष्टांचं. मावशीनं मान डोलावली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “तू तरी मोठी होय.”

मी मोठी झाले. बी.एड. केलं, शिक्षिका झाले. ताईचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणारा मुलगा. लग्नाला आम्ही गेलो, पण बाबांना रजा नव्हती म्हणून अक्षता टाकून लगेच परतलो. नंतर कधीतरी कळलं की तिनं दिग्रसमध्ये खानावळ काढली आहे, जिनिंगच्या मोसमात बाहेरगावहून येणाऱ्या मजुरांसाठी. चांगली चालते म्हणत. एका लग्नात भेटली, दुसऱ्या एका बारशात भेटली. कशी आहेस, बरी आहे. एवढंच. तिच्याशी नजर मिळवून बोलायला मला नेहमी कुणीतरी तिसरं माणूस लागायचं.

माझ्या शाळेत दुपारची खिचडी शिजते. ते काम माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्या दिवशी मी शाळेच्या मागं गेले आणि भिंतीलगत खिचडीचा ढीग दिसला. कालची, परवाची, त्याच्या आधीची. वर माश्या. हजेरीपटावरच्या सगळ्या पोरांचा तांदूळ रोज शिजत होता आणि येणारी पोरं मोजली जातच नव्हती. शिवाय पोरांना वाढताना पळीवर पळी, नको म्हटलं तरी. मी तेव्हापासून सकाळी घंटा झाली की वर्गावर्गातून फिरून डोकी मोजते आणि मग तांदूळ काढून देते. आधी थोडं, मग मागितलं तर पुन्हा. भाजीच्या साली आणि ताटातलं उरलंसुरलं शाळेच्या मागच्या खड्ड्यात जातं; त्याचं खत होतं आणि त्यावर पोरांनी वांगी, टमाटे लावले आहेत. शाळेला भेट देणारे अधिकारी माझं कौतुक करतात. एकदा एकानं विचारलं, ही कल्पना तुम्हाला कुठून सुचली? मी म्हटलं, घरातूनच. तेव्हाही मी तिचं नाव घेतलं नाही, नातं सांगितलं नाही. पुन्हा तेच केलं, फक्त या वेळी प्रतिष्ठित भाषेत.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. आजारी होती, मला माहीत होतं. भेटायला जायचं, गच्चीवरचं सगळं सांगून टाकायचं, असं दर रविवारी ठरत होतं. आम्ही पोचलो ते एकदम तेराव्या दिवशी, तेरवीलाच. आईचे गुडघे गेलेले, तिला गाडीतून उतरवून ओसरीवर बसवलं आणि मी मागच्या अंगणात गेले. तिथं चुली पेटल्या होत्या. ताई लुगड्याचा पदर खोचून उभी होती. केस पांढरे झालेले, हात तेवढेच चपळ.

तिच्या आईच्या तेरवीचं जेवण, वरण आणि कणकेच्या बट्ट्या, तिनं स्वतः शिजवलं होतं. पंगत होती. वाढणाऱ्या पोरांना ती सांगत होती, “पयले एकच बट्टी. मागतलं का देजा. पन इचारल्याशिवाय वाढू नका, अन् ताटात टाकू देऊ नका.” प्रत्येक पंगत उठली की पुढच्या पंगतीची माणसं ती डोळ्यांनी मोजायची आणि तेवढंच पीठ मळायला सांगायची. पाचव्या पंगतीनंतर भांड्यांमध्ये जेमतेम बायकांपुरतं उरलं होतं. पत्रावळी टाकायच्या जागी मी गेले. बट्टीचा तुकडासुद्धा दिसला नाही.

बायका जेवायच्या आधी ती एकटी चुलीपाशी होती. मी जवळ गेले.

“ताई, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल ना.”

“माझ्या वाढदिवसाला, गच्चीवर. मी त्या मुलीला जे बोलले...”

ती लाकडं मागं ओढत होती. थांबली नाही. “हो. मले याद हाये.”

“तू मावशीला का नाही सांगितलंस? मार खाल्लास तू.”

“सांगून काय होत होतं?” ती म्हणाली. “माय पुन्हा तुमच्या घरची पायरी चढली नसती. तिले एकच बहीन होती. मावशीले बी एकच. माह्यासाठी त्यायचं कायले तोडू?”

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, “पन मायनं मले शेवटपरेंत माफ नाई केलं. माही पोरगी बारावीले बसली तवा तिले मने, मायसारखी पळून येजो नको. दवाखान्यात बी मनली. पोरगी इतकी हुशार होती अन् आळसानं वाया गेली, असं नर्सले सांगे.”

“मी सांगायला पाहिजे होतं.”

“हो,” ताई म्हणाली. “पायजे होतं. मी नाई सांगू शकत होती. तू सांगू शकत होतीस. मायले बरं वाटलं असतं.” रागानं नाही म्हणाली. वावरात पाणी सोडायचं राहून गेलं असं सांगावं, तसं म्हणाली. “आता कोनाले सांगतं?”

तिनं पदरानं हात पुसले आणि वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. “हे ओसरीवर नेऊन दे. बाया उपाशी हायेत.”

परतताना गाडीत मी आईला सगळं सांगितलं. आर्णी मागं पडली. मग तिनं विचारलं, “मी आळस म्हटलं होतं ना तेव्हा? तिच्या मायसमोर?” मी हो म्हटलं. आईनं तोंड खिडकीकडे केलं. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी म्हणाली, “मले दिग्रसले घेऊन चाल.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी त्या बोलीत बोलली. मी तिला घेऊन गेले. खानावळीच्या आतल्या खोलीत त्या दोघी दार लोटून बसल्या. मी बाहेर मजुरांच्या बाकावर बसले होते. काय बोलणं झालं ते दोघींपैकी कोणीही मला सांगितलं नाही. बाहेर आल्या तेव्हा आईनं ताईचा दंड धरला होता. गुडघ्यांमुळेही असेल.

ताईची मुलगी आता यवतमाळला शिकते. तिला प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा मी लगेच फोन केला. म्हटलं, आमच्याकडे खोली रिकामी आहे, टेबल आहे, आई आहे, तिला कशाला बाहेर ठेवतेस?

“नको,” ताई म्हणाली. “होस्टेलच बरं हाये तिले. तू वाईट नको मानू.”

मी वाईट मानलं नाही. मानायचा हक्क नव्हता. आईच्या खोलीच्या खिडकीतून त्या होस्टेलकडे जाणारा रस्ता दिसतो. संध्याकाळी मुली घोळक्यानं जातात. त्यातली आमची कोणती, ते आईला लांबून ओळखू येत नाही. ती मला विचारते. मी बघते आणि सांगते, “अजून आली नाही.”